पट, हजेरी आणि तुरीची डाळ

लक्ष्मीपूजनाला गावाकडचे दुकानदार नव्या वहीची पूजा करतात. त्या वहीत उधारी असते, जमाखर्च असतो. पोत्यात डाळ किती उरली, हे मात्र बहुधा वाण्याच्या डोक्यातच असते. इथे डेल्फ्टमध्ये शिल्लक मालाची ही नोंद ठेवायला आपणच हातभार लावतो. 'आल्बर्ट हाइन'मध्ये हातातल्या स्कॅनरने वस्तू 'टिक' करायची आणि पैसे भरायचे, की ती दुकानाच्या हिशेबातून वजा!

बारकोडची कल्पना नॉर्मन जोसेफ वुडलँड यांना मायामीच्या किनाऱ्यावर सुचली. लहानपणी स्काउटमध्ये शिकलेले मोर्सचे ठिपके आणि रेघा त्यांनी बोटांनी वाळूत खाली ओढल्या. पेटंट मिळाले १९५२ साली. पण स्वस्त लेझर आणि संगणक येईपर्यंत ते पडूनच होते. अखेर २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायोतील ट्रॉय गावी च्युइंगमचे पाकीट स्कॅन झाले. मूळ हेतू गल्ल्यावरची रांग कमी करण्याचा. मालाचा हिशेब आपोआप लागू लागला, तो वरचा फायदा.

(टोकोतून आणलेल्या पापडाच्या पाकिटावरचा आकडा पाहा. ८९० ने सुरू होत असेल, तर तो भारतात दिलेला क्रमांक. डच क्रमांक ८७ ने सुरू होतात. माल कुठे तयार झाला, हे मात्र त्यावरून कळत नाही.)

मी शिक्षिका होते, म्हणून शाळेच्या भाषेत सांगते. बारकोड म्हणजे वर्गाचा पट: तुरीच्या डाळीची पाकिटे चाळीस. पण कोणते जुने, कोणते कालचे, हे त्याला ठाऊक नाही. एखादे फुटले किंवा चोरीला गेले, तरी संगणक चाळीसच म्हणत राहतो. म्हणून आजही माणसांना फळ्यांपुढे उभे राहून मोजावे लागते.

नावानिशी हजेरी घेते ती रेडिओ चिप. 'डेकॅथलॉन'मध्ये कपडे एकदम खोक्यात टाकले की बिल होते, ते हिच्यामुळे. प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक आणि बॅटरीची गरज नाही. किराण्यात मात्र ती फारशी चालत नाही. एकेका पाकिटाला चिप परवडत नाही, शिवाय पाणी आणि धातू रेडिओलहरी अडवतात.

किराण्यासाठी आता चौकोनी ठिपक्यांचा कोड येतो आहे. २०२७ अखेरपर्यंत जगभरच्या गल्ल्यांवर तो वाचता यावा, असे बारकोडचे नियम ठरवणाऱ्या 'जीएस१' संस्थेचे उद्दिष्ट आहे. त्यात मुदतीची तारीखही भरता येते. म्हणजे मुदत संपलेले पनीर आपल्या नजरेतून सुटले, तरी गल्ला ते अडवू शकेल. आणि उद्या संपणारे कोणते, हे दुकानाला आजच कळेल. ते अर्ध्या किमतीत विकायचे की कचऱ्यात टाकायचे, हे अजून दुकानदारानेच ठरवायचे आहे.