सहाच्या बातम्यांचा वारस

फिलाडेल्फियाच्या 'डब्ल्यूपीव्हीआय' वाहिनीवर जिम गार्डनर १९७७ साली संध्याकाळच्या बातम्या सांगू लागले आणि २१ डिसेंबर २०२२ रोजी थांबले. निरोपही एकदम घेतला नाही. जानेवारीत रात्री अकराच्या बातम्या रिक विल्यम्स यांच्याकडे दिल्या, वर्षअखेरीस सहाच्या ब्रायन टॅफ यांच्याकडे. दोघेही त्याच वाहिनीवर वर्षानुवर्षं दिसत आलेले. प्रेक्षकांना वेळ नवी होती, चेहरा नव्हे. न्यूयॉर्कला 'डब्ल्यूएनबीसी'वर १९७४पासून असलेले चक स्कारबरो डिसेंबर २०२४मध्ये सहाच्या बातम्यांतून बाजूला झाले, तेव्हा तिथे आलेले डेव्हिड उशेरीही दोन दशकं त्याच इमारतीत मुरलेले होते. निवेदकाचा वारस नेमून होत नाही, तो लोकांच्या डोळ्यांदेखत वाढवावा लागतो. त्याला लागणारा धीर बहुतेक मालकांच्या हिशेबातून गेला आहे, आणि अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांच्या उतरणीचं एक मोठं कारण मला तिथे दिसतं.

धीर का संपला, हे पैशाच्या वाटेने गेलं की कळतं. १९९२च्या केबल कायद्यामुळे वाहिनी दाखवू देण्यापोटी केबल कंपन्यांकडून शुल्क मागायची मुभा मिळाली. पुढे हे उत्पन्न फुगत गेलं. पण केबल कंपनी पैसे मोजते ते मुख्यतः नेटवर्कच्या फुटबॉल सामन्यांसाठी. गावच्या निवेदकावर लोकांचा किती जीव आहे, याचा त्या सौद्यात फारसा भाव नाही. सौद्यात वजन यायला वाहिन्या मात्र जास्त हव्यात. २०१९मध्ये 'ट्रिब्यून मीडिया' घेतल्यावर 'नेक्सस्टार'कडे दोनशेच्या आसपास वाहिन्या जमल्या. एवढा पसारा झाला की जुना निवेदक म्हणजे ताळेबंदातला जाड पगार. 'सिंक्लेअर'च्या टोलेडोतल्या वाहिनीच्या बातम्या २०१७पासून दुसऱ्या राज्यातल्या साउथ बेंडच्या स्टुडिओतून वाचल्या जात. २०२३मध्ये त्याही बंद झाल्या, जागी कंपनीचा सामाईक राष्ट्रीय कार्यक्रम आला.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचं कारण नाही, हा आक्षेप रास्तच. कॅन्सस सिटीत १९८१मध्ये क्रिस्टीन क्राफ्ट यांना निवेदिकेच्या जागेवरून हटवलं. वय, रूप आणि पुरुषांपुढे न झुकणं ही कारणं आपल्याला सांगितली गेली, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन ज्यूरींनी त्यांच्या बाजूने कौल दिला, वरच्या न्यायालयात तो टिकला नाही. ती खुर्ची सगळ्यांना सारखी कधीच नव्हती. वारस घडवण्याची रीत टिकवायची तर हा हिशेबही चुकता करावा लागेल.

दुसरा आक्षेप असा की प्रेक्षकच फोनकडे वळला, मालक बिचारे काय करणार? तरुण पिढी वळली हे खरंच. पण जानेवारी २०२५मध्ये 'ॲलन मीडिया'ने आपल्या वाहिन्यांचे स्थानिक हवामान निवेदक कमी करून अंदाज अटलांटातून देण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा गावोगावचे प्रेक्षक चिडले आणि कंपनीला काही ठिकाणी पाऊल मागे घ्यावं लागलं. तापमानाचा आकडा फोनवरही मिळतो. वादळ कोणत्या रस्त्यावरून येतंय हे सांगणारं माणूस त्यांना ओळखीचं हवं होतं. टोलेडोत मात्र बातम्या बंद होताना निरोप घ्यायला गावात बसून बातम्या सांगणारा निवेदकच उरला नव्हता.