तीन बोटांचं अंतर

शेजारच्या काकींनी तांबडी तलंग उचलली आणि काखेत धरली, डोकं पाठीमागे, शेपटी पुढे. शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला केली आणि तिथल्या दोन टोकदार हाडांच्या मधे उजव्या हाताची बोटं आडवी लावली.

"आजून न्हाई. दोनच बोटं बसत्यात. तीन बसली की अंडं आलंच म्हण."

तलंग खाली सोडली. तिने अंगभर पिसं फुलवून झटकली आणि शेवग्याखाली माती उकरायला निघून गेली. डिसेंबर संपत आला होता. पिल्लं घरी आणून सहा महिने व्हायला आले होते.

अजून अंड्यावर न आलेली कोंबडी म्हणजे तलंग. गावातल्या बायकांच्या बोलण्यात हा शब्द आहे आणि पशुसंवर्धन खात्याच्या योजनांच्या कागदातही आहे. पिल्लू नाही, कोंबडीही नाही, अशा मधल्या वयाला आपल्या भाषेने वेगळं नाव दिलं, कारण ज्याने कोंबड्या पाळल्या त्याचे सगळ्यांत जास्त दिवस याच वयाकडे बघण्यात जातात.

आमचं घर भोर तालुक्यात, भातखाचरांच्या कडेला. ५ जुलैला गिरिराज जातीची बारा पिल्लं आणली, एक दिवसाची. गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली जात. दिसायला गावठीसारखी रंगीत, परसात फिरून खाणारी, आणि गावठीपेक्षा जास्त अंडी देणारी. पुठ्ठ्याच्या खोक्यात, एकमेकांना चिकटून, चिवचिवाट करत ती एसटीने आली. आल्या आल्या प्रत्येकाची चोच गुळाच्या पाण्यात बुडवली. एकाने चोच वर करून घोट गिळला की शेजारचं त्याचं बघून पितं. मग वर्तमानपत्रावर मक्याचा भरडा पसरला. चोच कागदावर आपटल्याचा टकटक आवाज होतो, तो ऐकून बाकीची धावतात.

भोरचा जुलै म्हणजे दिवसरात्र पाऊस. पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत न्यायचं. खाली भाताचं तूस, भोवती गोल वाकवलेला पुठ्ठा, वर टांगलेला दिवा. पुठ्ठा गोलच हवा, कारण कोपरा मिळाला की पिल्लं त्यात एकावर एक चढतात आणि तळातली गुदमरतात. तापमापक मी आणला होता, पण तिसऱ्या दिवसापासून तो बघायची गरज उरली नाही. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली की गारठा आहे. कडेला जाऊन चोच उघडी टाकून बसली की दिवा फार खाली आलाय. सगळीकडे विखरून, काही खाताहेत, काही मान टाकून झोपली आहेत, असं दिसलं की ठीक. मान टाकून झोपलेलं पिल्लू पहिल्यांदा बघताना काळजात धस्स होतं, मेल्यासारखंच दिसतं ते.

चौथ्या रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मधे ठेवल्या, दर तासाला पाणी बदललं. तरी एक पिल्लू गेलं. तळहातावर मावणारं, थंड आणि काडीसारखं हलकं. परसात चिंचेखाली पुरलं.

सातव्या दिवशी लासोटाची लस. ती राणीखेतवरची, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडीवरची. या रोगाने एका आठवड्यात वाडीतली खुराडी रिकामी झालेली काकींनी पाहिली आहेत. लशीची कुपी बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. मला मिळालेली कुपी शंभर पक्ष्यांची होती, माझ्याकडे अकरा पिल्लं. म्हणून आदल्या संध्याकाळी आळीत सांगून आले. सकाळी सात वाजता अंगणात डालगी घेऊन आठ-नऊ घरच्या बायका आणि पोरं हजर. मान धरायची, डोळा वर करायचा, एक थेंब. पिल्लू डोळा मिटतं, उघडतं, थेंब आत जातो. साठ-सत्तर पक्षी झाले. अंगणात ओळखीच्या बायका पहिल्यांदाच एकमेकींच्या कोंबड्यांची चौकशी करत बसलेल्या मी पाहिल्या. पुढची प्रत्येक लस आम्ही अशीच एकत्र दिली.

सप्टेंबरातल्या एका दुपारी मुंगूस आलं. मी आत होते. एकदम गलका झाला म्हणून धावले, तर एक तलंग मानेला चावा घेतलेली पडलेली आणि दुसरीची नुसती पिसं कुंपणापर्यंत गेलेली. उरलेली खुराड्यामागच्या फटीत घुसून बसली होती, अंधार पडेपर्यंत बाहेर आली नाहीत. दोन दिवस त्यांनी धड खाल्लं नाही. चूक माझी होती, कुंपणाच्या तळाशी हातभर मोकळी जागा राहिली होती. बारीक डोळ्यांची जाळी आणून ती फूटभर जमिनीत गाडली. आता रोज संध्याकाळी कडी लावण्याआधी मी जाळीच्या कडेने एक फेरी मारते.

उरल्या नऊ. त्यांतले चार कोंबडे निघाले. तीन विकले, एक ठेवला. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, तलंग एकटी असली तरी वेळ झाली की अंडं घालते. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी. हे मला अनेकांना सांगावं लागलं, चांगल्या शिकलेल्यांनाही. आमचा कोंबडा ठेवला तो घारीसाठी. आभाळात सावली हलली की तो घशातून एक लांब, खालच्या पट्टीतला आवाज काढतो आणि पाचही जणी जिथे असतील तिथे आडोशाला जातात.

पिल्लं देणाऱ्यांनी साडेपाच महिने सांगितले होते. त्या हिशेबाने डिसेंबरच्या मध्यावर अंडं यायला हवं होतं. मी खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जुनी पाटी ठेवली, त्यात पेंढा, आणि काकींनी दिलेला पांढरा गारेचा गोटा. गोटा पाहून तलंगेला कळतं की अंडं घालायची जागा ही. रोज सकाळी पाटीत हात घालायचे. रोज गोटाच लागायचा, गार.

उशीर का, ते दिवसाच्या लांबीत होतं. कोंबडीच्या अंडाशयाला उजेडाची खबर लागते. ती नुसती डोळ्यांतून नाही. कवटीतून आत झिरपणारा उजेड तिच्या मेंदूतल्या पेशींना थेट कळतो. दिवस वाढताहेत असं कळलं की शरीर कामाला लागतं. आमच्या भागात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात अकरा. मोठ्या पोल्ट्रीत अंड्यावरच्या कोंबड्यांना दिवे लावून १६ तासांचा दिवस करतात. मलाही तसं सुचवलं गेलं. मी लावला नाही. परसातली पाच जनावरं, त्यांना हिवाळ्याचे दोन महिने त्यांचे त्यांना मिळावेत असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

संक्रांत झाली. दिवस तिळातिळाने मोठा होतो म्हणतात. तांबडीचा तुरा तोवर फिकट गुलाबी, बोटाच्या पेरापेक्षा लहान होता. त्या आठवड्यात तो भरला, चमकायला लागला, चोचीखालचे गलोलही लाल झाले. ती पाटीत जाऊन उभी राहायची, पेंढ्याची एक काडी चोचीत धरून पाठीवर टाकायची, परत बाहेर यायची. सारखी बोलायची, लांबट कण्हल्यासारख्या सुरात. आणि एक दिवस मी शेजारून जाताना ती थबकली, पंख किंचित बाजूला करून जमिनीला टेकून बसली. पाठीवर हात ठेवला तरी हलेना. आधी हीच हात लागू द्यायची नाही.

काकींना हाक मारली. त्यांनी फुंकर मारली, बोटं लावली. तीन.

त्याच दिवसांत तिने शिंपल्यांच्या चुऱ्याकडे मोर्चा वळवला. पशुखाद्याच्या दुकानातून आणलेला चुरा महिनाभर वाटीत तसाच पडला होता. अंडं यायच्या दोनेक आठवडे आधी तलंगेच्या पायाच्या लांब हाडांच्या पोकळीत नवं, भुसभुशीत हाड तयार होतं. ती चुन्याची साठवण. अंड्याच्या एका कवचाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि कवच बनायला वीस तास. त्यातला बराच भाग रात्रीचा, जेव्हा पोटात नवं काही जात नाही. मग शरीर त्या हाडातून घेतं. हे वाचल्यावर मी चुऱ्याची वाटी संध्याकाळी, झोपायच्या आधी, भरून ठेवायला लागले. दांडीवर मान खांद्यात घालून बसलेली तांबडी रात्री बॅटरीच्या उजेडात दिसायची. बाहेरून नुसती झोपलेली.

२३ जानेवारी, सकाळचे पावणेअकरा. ती पाटीत बसून पाऊण तास झाला होता. मी दाराच्या फटीतून, श्वास आवरून. ती अर्धवट उभी राहिली, पिसं फुलली, शेपटी खाली दाबली गेली, अंगातून एक लाट गेली. मग ती वळली आणि पेंढ्यात काय पडलंय ते मान वाकडी करून बघत राहिली. बाहेर येऊन जे ओरडायला लागली ते दहा मिनिटं थांबली नाही. कोंबडा तिच्या आवाजात आवाज मिसळायला लागला.

गोट्याशेजारी अंडं होतं. फिकट तपकिरी, टोकाशी रक्ताची एक बारीक रेघ. पहिल्या अंड्याला ती कधीकधी असते. उचललं तेव्हा गरम होतं आणि ओलसर. तो ओलेपणा माझ्या डोळ्यांदेखत वाळला, चकाकी जाऊन वर मंदसा थर राहिला. तो थरच कवचाची छिद्रं झाकतो, म्हणून अंडं धुवायचं नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३९ ग्रॅम भरलं. बाजारातलं पंचावन्नच्या आसपास असतं.

अंडं घेऊन काकींकडे गेले. त्यांनी ते अजून कोमट असलेलं अंडं आधी मिटलेल्या पापण्यांवरून फिरवलं, एकदा उजव्या, एकदा डाव्या. मग कानाशी धरून हलवलं, आणि माझ्या हातात परत दिलं.

"तुम्हीच ठेवा, काकी," मी म्हटलं.

"पयलं घरात खायाचं असतं. दुसरं आण मला."

दुसरं २४ तारखेला आलं, बारा वाजता. तिसरं २५ ला, दुपारी सव्वा वाजून गेल्यावर. एक अंडं पोटात पुरं व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून वेळ रोज पुढे सरकते, आणि फार पुढे गेली की ती एक दिवस सोडते. २६ ला पाटीत गोटा एकटाच होता. दुपारी काळी तलंग पाटीत शिरली, पेंढ्याची एक काडी उचलून पाठीवर टाकली आणि बाहेर आली. मी तिला उचललं, काखेत धरलं, शेपटीखाली फुंकर मारली.

अडीच.