ठेवणीतला वास

परवा पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, तुझ्या वाढदिवसाला यंदा साडी नाही. लॅव्हेंडर पाठवतेय. फक्त कुठलं आवडतं ते तू सांगायचंस."

मी म्हटलं, "अगं, लॅव्हेंडर म्हणजे लॅव्हेंडर. त्यात आणखी कुठलं काय?"

"तसं नसतं गं! तीन छोट्या बाटल्या पाठवते. वास घे आणि एक निवड. मग त्याची मोठी बाटली घेऊ."

फोन ठेवला आणि पोळ्या लाटता लाटता मनात आलं, वयाची पंचावन्न वर्षं झाली, पण स्वतःसाठी म्हणून मी एकही वास कधी निवडलेला नाही! माहेर पंढरपूरचं. तिथे बुक्का आणि उदबत्तीचा वास दाराबाहेर पाऊल टाकलं की यायचाच. साबण वडील आणतील तो. लग्न होऊन बार्शीला आले, तर साबण ह्यांच्या आवडीचा आणि उदबत्ती सासूबाईंच्या आवडीची. हळदीकुंकवाला गेलं की यजमानीण मनगटामागे अत्तराचं बोट फिरवते. आपण निमूट हात पुढे करायचा. हिना असो नाहीतर मोगरा, "मला हे नको, ते लावा" असं कुणी म्हटल्याचं तुम्ही तरी ऐकलंय का?

आणि त्यातून लॅव्हेंडर! या वासाशी माझं जरा वाकडंच होतं. त्याचं कारण सांगायचं तर 1991 सालात जावं लागेल.

नवी नवरी होते मी. सासूबाईंच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, शालूच्या मागे पावडरचा एक उंच पत्र्याचा डबा असायचा. त्यावर जांभळ्या फुलांचं चित्र. दुबईला नोकरीला असलेल्या त्यांच्या भावाने आणलेली विलायती पावडर ती! संक्रांतीचं माझं पहिलं हळदीकुंकू होतं. हलव्याचे दागिने घातले, काळी साडी नेसले आणि मला काय सुचलं कोण जाणे, कपाटातून साडीची पिन काढताना त्या डब्यातली चिमूटभर पावडर गळ्याला लावली. इतका छान, थंड वास! मी आपली खूश.

बायका गेल्यावर सासूबाई जाऊबाईंच्या देखत म्हणाल्या, "ती पावडर ठेवणीतली आहे. रोजच्याला बाहेरच्या डब्यातली असते ना?"

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी. पण मी मागल्या दारी भांडी घासायच्या निमित्ताने जाऊन मनसोक्त रडून घेतलं. आज हसू येतं. पण पुढे कितीतरी वर्षं कुणाच्या घरी तो वास आला की माझे कान गरम व्हायचे.

डबा मात्र तसाच राहिला. नणंदेचं लग्न झालं, दिराचं झालं, माझ्या लेकीचं बारसं झालं. सासूबाई चिमूटभर पावडर लावायच्या आणि डबा परत शालूच्या मागे जायचा.

2017 सालची गोष्ट. त्या ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. वयानुसार त्यांना वास कळेनासे झाले होते. दूध करपलं तरी शेजारच्या खोलीत त्यांना पत्ता लागत नसे. एका दुपारी मला म्हणाल्या, "अगं, तो डबा काढ बघू." मी काढला. त्यांनी झाकण फिरवलं, नाकाशी धरला, डोळे मिटले. "अजून तस्साच येतो बघ!" म्हणत डबा माझ्यापुढे केला.

मी वास घेतला. काही म्हणजे काही नव्हतं. कोरड्या खडूसारखं काहीतरी. तीस वर्षांत सगळा वास उडून गेला होता.

मी म्हटलं, "हो आई, येतो की!"

मग त्यांनी माझा हात ओढला, तळव्यावर चिमूटभर पावडर टाकली आणि म्हणाल्या, "लाव गळ्याला." तेवढंच. मागचं काही त्यांच्या लक्षात होतं की नाही, मला कधी कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. 2019 मध्ये त्या गेल्या. कपाट आवरताना डबा हाती लागला. अजून एक तृतीयांश भरलेला होता.

तर अशी ही पार्श्वभूमी. लेकीला यातलं काही ठाऊक नाही. चार दिवसांनी तिची खोकी आली. आत तीन बाटल्या आणि कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या. व्हिडिओ कॉलवर बाईसाहेबांच्या सूचना सुरू! "एकेका पट्टीवर एकच थेंब टाक. पट्टी नाकाला चिकटवू नकोस. लगेच ठरवू नकोस, वीस मिनिटांनी परत वास घे. नाक थकलं तर स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घे, नाक पुन्हा ताळ्यावर येतं."

पहिल्या बाटलीवर नुसतंच 'लॅव्हेंडर सुगंध' लिहिलेलं. वास गोड, भरपूर गोड, अगदी दवाखान्याच्या नुकत्या पुसलेल्या फरशीसारखा. वीस मिनिटांनीही तसाच, जसाच्या तसा. लेक म्हणाली, "तो कारखान्यात जुळवलेला वास आहे. वनस्पतीचं नाव लिहिलेलं नाही ना, तिथेच ओळखायचं."

दुसरी बाटली उघडली आणि मी म्हटलं, "अगं, यात कापूर घातलाय का?" तिसरी उघडली तर वास एकदम मऊ, जरासा गवतासारखा, आणि त्यात ओळखीचं काहीतरी. मी चार वेळा वास घेतला आणि म्हटलं, "यात धणे आहेत!"

लेक खो खो हसली. "आई, हे लॅव्हेंडर आहे, गोडा मसाला नाही." पण पोरगी आजकालची. हसता हसता शोधून पाहिलं आणि गप्पच झाली. मैत्रिणींनो, खरंच की! लॅव्हेंडरच्या वासात लिनालूल नावाचं एक मुख्य द्रव्य असतं आणि आपल्या धण्याच्या तेलातही सगळ्यात जास्त तेच असतं. म्हणजे इतकी वर्षं धणे भाजताना मी फ्रान्सच्या फुलांचा एक तुकडा कढईत परतत होते म्हणायचं!

आणि कापूर? तोही खोटा नव्हता. लॅव्हेंडरच्या मुख्य जाती दोन. एक 'खरं' लॅव्हेंडर. ते उंच, थंड डोंगरावर छान येतं आणि त्याच्या तेलात कापूर नावालाच असतो. दुसरी जात जरा खालच्या, उबदार भागातली. तिच्यात कापराचं प्रमाण जास्त. या दोघांचा संकर म्हणजे लॅव्हेंडिन. त्याला बी धरत नाही, फांद्या लावूनच रोपं करावी लागतात. पण झुडूप मोठं होतं आणि तेल कितीतरी जास्त देतं, म्हणून ते स्वस्त. साबण, कपडे धुण्याच्या पावडरी यांत बहुतेक तेच जातं. कॅलेंडरवर फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातली जांभळी शेतं आपण बघतो ना, त्यातली सपाटीवरची बरीचशी या लॅव्हेंडिनचीच! माझी दुसरी बाटली त्याची होती.

तिसरी बाटली मात्र आपल्याच देशातली, जम्मूच्या डोडा जिल्ह्यातल्या भद्रवाहची. तिथले छोटे शेतकरी पूर्वी मका घ्यायचे. सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या अरोमा मिशनमधून 2016 नंतर त्यांना लॅव्हेंडरची रोपं आणि तेल काढण्याची यंत्रं मिळत गेली आणि डोंगरउतार जांभळे झाले. 2024 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात या जांभळ्या क्रांतीचा चित्ररथ होता, तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर पाहिलाही असेल. जून-जुलैत फुलोरा काढतात, मोठ्या भांड्यात भरून त्यातून वाफ सोडतात. वाफ थंड झाली की पाण्यावर तेल तरंगतं. शंभर किलो फुलोऱ्यातून तेल निघतं ते किलोभराच्या आसपास. मग महाग असणारच!

आता तुमच्यापैकी कुणी आणणार असेल तर अनुभवाचे चार बोल. बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव बघा. 'लॅव्हांड्युला अँगुस्टिफोलिया' असेल तर ते खरं लॅव्हेंडर. शुद्ध आहे म्हणून तेल तसंच अंगाला लावू नका. चमचाभर खोबरेल तेलात एक-दोन थेंब पुरे, आणि तेही आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. ते पोटात घ्यायचं नाही. तान्ह्या बाळापासून दूर ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झाकण घट्ट लावा आणि वर्षानुवर्षं साठवू नका. हवा लागून जुनं झालेलं तेल वासाने तर उतरतंच, पण कातडीला खाजही आणू शकतं.

तर, निवडायचं कुठलं?

आठवडाभर मी रोज वास घेतला. भिशीच्या दिवशी मैत्रिणींनाही दिला. एकीला पहिली बाटली आवडली, "अगदी लग्नाच्या हॉलसारखा वास येतो" म्हणाली. शेजारच्या वहिनींनी तिसरी नाकाशी धरली ती सोडेचनात. ह्यांना विचारलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "सगळे छान आहेत."

मला मनातून माहीत होतं की शहाण्या माणसाने तिसरी निवडावी. खरी, महागाची, मान असलेली. पण रोज सकाळी हात जायचा तो दुसरीकडे. कापराची ती थंड झुळूक आली की पंढरपूरचं देवघर आठवायचं, आरतीनंतर तबकावरून फिरवलेले हात आठवायचे. आणि एके दिवशी झपकन लक्षात आलं, 1991 च्या संक्रांतीला गळ्याशी आला होता तो थंडावा थोडासा असाच होता. डब्यातली पावडर नेमकी कशाची होती, देव जाणे. पण त्या वासामागे आता मागल्या दारची भांडी दिसत नव्हती. तळव्यावर चिमूट टाकणारा सुरकुतलेला हात दिसत होता.

लेकीला फोन केला. "दुसरी बाटली."

"आई! अगं, ते तर साबणात घालतात!"

"मग मला साबणातलं आवडतं असं समज."

ती थोडी हिरमुसली. तिला आईला सगळ्यात उत्तम द्यायचं होतं, तिची माया कळते मला. पण आवड म्हणजे काही परीक्षा नव्हे, की बरोबर उत्तरालाच मार्क मिळावेत. मग मी तिला डब्याची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. फोनवर बराच वेळ शांतता होती. मग म्हणाली, "आजी तुला रागावली होती? आजी?" तिच्या डोळ्यांपुढची आजी वेगळी आहे. असू दे.

मोठी बाटली आली आणि मी ती कपाटात ठेवली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दूर, पण हाताशी येईल अशा फळीवर ठेवली आहे. संध्याकाळी दिवा लावला की चमचाभर खोबरेल तेलात दोन थेंब, मानेला आणि मनगटाला. कुठे जायचं नसतं, कुणी यायचं नसतं. बाटली महिनाभरात बरीच खाली आली आहे.

सासूबाईंचा डबा मात्र अजून शालूच्या मागेच आहे. टाकवत नाही. परवा झाकण उघडून पाहिलं, खडूचाच वास आला. तरी म्हटलं, "हो आई, येतो की!"