फिरत्या आकाशाचा फोटो



कामगार चळवळीतल्या माणसाने ताऱ्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण ज्याची निम्मी हयात जिनिंगच्या रातपाळीच्या फाटकावर गेली, त्याला आकाश फिरते हे वेगळे शिकवावे लागत नाही. हिवाळ्यात पाळी लागताना उगवतीला असलेला मृग पाळी सुटेपर्यंत मावळतीला टेकलेला असतो. शाळेत मी फार शिकलो नाही. जे काही कळते ते वाचनालयाने आणि फिटर मंडळींनी शिकवलेले आहे, आणि त्यांच्याच भाषेत मी ते सांगणार आहे.

ताऱ्यांचा प्रकाश फार थोडा. तो पुरेसा साठावा म्हणून कॅमेऱ्याची झडप मिनिट-दोन मिनिटे उघडी ठेवावी लागते. तेवढ्यात पृथ्वी फिरलेली असते, आणि ठिपक्याच्या जागी रेघ उमटते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरा २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पुरा करते. म्हणजे चार मिनिटांत सुमारे एक अंश. पन्नास मिलिमीटरचे साधे भिंग घेतले, तर मृगाच्या पट्ट्यातल्या ताऱ्याची प्रतिमा एका मिनिटात मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहून थोडी अधिक सरकते. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. परंतु आजच्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा एकेक कण मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा असतो. तारा तो कण दीड सेकंदाच्या आत ओलांडून जातो.

यावर उपाय एकच. पृथ्वी जितकी फिरते, तितकाच कॅमेरा उलट दिशेने फिरवायचा. दुकानात ज्याला स्टार ट्रॅकर म्हणतात ते यंत्र एवढेच करते. एक लहान मोटार, एक वर्म गिअर आणि एक आस, एवढाच त्याचा संसार. मेख आहे ती आसात. तो पृथ्वीच्या आसाशी समांतर बसला पाहिजे, म्हणजेच आकाशाच्या उत्तर ध्रुवबिंदूकडे रोखलेला पाहिजे. तो बिंदू क्षितिजापासून किती उंच? आपल्या गावाचे अक्षांश जितके तितका. रिद्धपुरास सुमारे २१ अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतका. युरोपातल्या माणसाला ध्रुव पन्नास अंशांवर मिळतो. आपल्याला मात्र तो संत्र्याच्या बागेच्या बांधावरून, लिंबाच्या फांदीआडून शोधावा लागतो. वैशाखात क्षितिजावर धुळीचा पडदा असला की तेही जमत नाही. शिवाय ध्रुवतारा नेमका त्या बिंदूवर नाही. पुनवेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडा अधिकच बाजूला आहे. ताऱ्यावरच आस रोखला, तरी पन्नासच्या भिंगाला दोन मिनिटांत विशेष बाधा होत नाही. दोनशेच्या भिंगाला होते. भिंग जितके लांब नजरेचे, तितकी चूक मोठी करून दाखवणारे. म्हणून नवख्याने लहान भिंगापासून आरंभ करावा.

लहान भिंगाची महती सांगणारा एक प्रसंग आपल्याच जिल्ह्यात घडलेला आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाची सावली रत्नागिरीच्या किनाऱ्याने आत शिरून वऱ्हाडावरून पुढे गेली. पुण्याचे प्राध्यापक कावसजी नेगामवाला यांनी त्यासाठी सोलापूर जिल्ह्यात जेऊरला तळ दिला. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची एक तुकडी धामणगावाजवळ तळणीला उतरली. तीत ॲनी माँडर नावाच्या बाई होत्या. दीड इंची भिंगाच्या लहानशा कॅमेऱ्याने त्यांनी सूर्याच्या प्रभामंडळातून निघालेला एक किरण काचेवर टिपला. तो सुमारे ६० लाख मैल लांब होता. इतका लांब किरण तोवर कुणाच्याही काचेवर उमटलेला नव्हता.

या बाईंची नोकरीची हकीकत मला विशेष सांगावीशी वाटते. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकून त्या १८९१ साली ग्रिनिचच्या वेधशाळेत गणक म्हणून लागल्या. पगार महिना चार पौंड. १८९५ मध्ये तिथल्याच वॉल्टर माँडर यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि सरकारी रिवाजाप्रमाणे त्यांना जागा सोडावी लागली. लग्न झाले की बाईमाणूस गणित विसरते, असे त्या खात्याला वाटत असावे. तळणीला आल्या तेव्हा त्या कुणाच्याच पगारावर नव्हत्या. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने स्त्रियांना दार उघडले ते १९१६ साली, आणि तेव्हा त्यांना सभासद करून घेतले.

आता यंत्राच्या खोडीकडे वळू. वर्म गिअर कितीही चांगला घासला तरी त्याच्या प्रत्येक फेऱ्यात थोडी घाई आणि थोडी दिरंगाई राहतेच. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत १९१४ पासून आठ इंची दुर्बिणीने साऱ्या आकाशाच्या नकाशाचे आंतरराष्ट्रीय काम चाले. असल्या कामात जोडदुर्बिणीला डोळा लावून माणूस बसे आणि तारा तारेच्या फुलीवरून हलला की हाताने सावरून घेई. घड्याळयंत्र होते, तरी राखणदार लागेच. आज तीच राखण दुसरा छोटा कॅमेरा करतो. तो परवडत नसेल तर झडप लांबवू नये. मिनिटा-मिनिटाचे पुष्कळ फोटो घेऊन संगणकावर एकावर एक बसवावेत. उन्हाळ्याच्या रात्री कॅमेरा तापून फोटोत खोटे ठिपके उमटतात, तेही या रीतीने बरेच पुसले जातात. हिवाळ्यात भिंगावर दव बसते, त्याला मात्र वारंवार पाहणे हाच इलाज.

विकतचे यंत्र महाग आहे. पण ग्लासगोच्या हेग नावाच्या गृहस्थांनी १९७५ मध्ये एका खगोल मासिकात दाखवलेली युक्ती आपल्या गावचा सुतार तासाभरात करून देईल. दोन फळ्या बिजागरीने जोडायच्या. बिजागरीच्या आसापासून साडेअठ्ठावीस मिलिमीटर अधिक दोनशे, म्हणजे २२८.५ मिलिमीटरवर सहा मिलिमीटरचा बोल्ट बसवायचा. त्याच्या आट्यांमधले अंतर एक मिलिमीटर असते. बिजागरीचा आस ध्रुवाकडे रोखायचा, वरच्या फळीवर कॅमेरा ठेवायचा आणि बोल्ट मिनिटाला एक फेरा या हिशेबाने, सेकंदकाट्याकडे बघत, हळूहळू फिरवायचा. बोल्ट सरळ आणि फळीची चाल वर्तुळाची, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी वेग बिघडतो. तेव्हा फळी मिटून पुन्हा आरंभ करावा. हाताला घाई नको आणि फळीला लचक नको, एवढे सांभाळले की झाले.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॅमेरा ताऱ्यांमागे निघाला की जमीन पळू लागते. मंदिराचा कळस हवा असेल, तर यंत्र थांबवून त्याचा वेगळा फोटो घ्यावा लागतो.

राहता राहिला दिव्यांचा प्रश्न, आणि तो यंत्राने सुटत नाही. रिद्धपुराच्या उत्तरेला सातपुडा आहे, म्हणून ध्रुवाची बाजू त्यातल्या त्यात काळोखी. परंतु आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग वृश्चिक-धनूच्या बाजूला, दक्षिणेत. आणि दक्षिणेला अमरावतीच्या दिव्यांचा उजेड. तो भाग दक्षिणोत्तर रेषेवर येतो तेव्हाही जेमतेम चाळीस अंश चढतो. चैत्र-वैशाखात पहाटे तीननंतर प्रयत्न करावा. रस्त्यावर दिवा नको असे मी म्हणत नाही. रात्री कामावरून परतणाऱ्या बाईला तो हवाच. पण दिव्याला वरून टोपी घातली तर तोच उजेड तिच्या पायापाशी पडेल. विदर्भातल्याच पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या गावांतले दिवे आता जमिनीकडे तोंड करून आहेत.