आजाऱ्याला खरे सांगावे काय?

डॉक्टर मुलाला दाराबाहेर घेऊन हळू आवाजात काही सांगतात. मुलगा डोळे पुसून आत येतो आणि खाटेवरील वडिलांना म्हणतो, "बाबा, काही नाही, पित्त खवळले आहे. पेरणीला तुम्ही शेतावर याल." हे दृश्य आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. असे बोलणारा प्रेमापोटीच बोलतो, याविषयी आम्हांस शंका नाही. तथापि ज्याचे अंगरखे सैल होत चालले आहेत, ज्याला पाहायला येणारी माणसे उंबऱ्यावर कुजबुजतात, तो फसत नाही. तोही बायकामुलांना धीर वाटावा म्हणून पित्ताचीच गोष्ट बोलतो. मग एकाच छपराखाली सारे जण एकमेकांपासून लपून राहतात.

त्याहून मोठी हानी पुढे होते. धर्मगुरू तेल घेऊन आले म्हणजे मरण आले, या भीतीने त्यांना वाचा गेल्यावर बोलावतात. हा समज अगदीच निराधार नव्हता, कारण पूर्वी या संस्काराला अंतिम तैलाभ्यंगच म्हणत. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली सांगितले की, 'आजाऱ्यांचा तैलाभ्यंग' हे नाव अधिक योग्य असून, दुखण्याने किंवा वार्धक्याने जिवाला धोका दिसू लागताच तो घ्यावा. १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी नवा विधी दिला. त्यानुसार कपाळाला व हातांना तेल लावतात, आणि दुखणे पुन्हा बळावल्यास संस्कार पुन्हा घेता येतो. शुद्धीतल्या माणसाला पापनिवेदन करता येते, ख्रिस्तशरीर स्वीकारता येते. बेशुद्धाला काय करता येणार?

कोणी म्हणतील, मग चमत्काराची आशा सोडावी काय? प्रार्थना अवश्य करावी. पण लूर्द येथे १८५८ पासून असंख्य आजारी गेले, आणि त्यांपैकी सुमारे सत्तर जणांचेच बरे होणे ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केले आहे. खुद्द संत बर्नादेत दीर्घ आजाराने १८७९ साली पस्तिसाव्या वर्षी वारली. उपाय असेल तर खर्चाकडे पाहू नये. दुसऱ्या डॉक्टरांचे मतही घ्यावे. मात्र आता उपाय नाही असे ठरल्यावर शेवटची एकर गहाण टाकून शहरोशहरी फिरणे, यात रुग्णाचे हित कोणते?

वेदना कमी करणे हा उपचारच आहे. बांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून कर्करोगाच्या अशाच रुग्णांची सेवा करीत आहे. गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा आहे. वेदनाशामक औषधाने ग्लानी आली तरी ते घेण्यास हरकत नाही, असे पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच सांगितले; मात्र रुग्णाला आपली कर्तव्ये आधी उरकता आली पाहिजेत, हीही अट घातली. आपली स्थितीच ज्याला ठाऊक नाही, तो ती कशी उरकणार?

सारे एका दमात सांगू नये. त्याला काय वाटते ते आधी विचारावे, उत्तर ऐकावे, आणि तो विचारील तेवढेच सांगावे.

आमच्या पाहण्यातल्या एका घरी थोरल्या मुलाने असेच सांगितले. म्हातारा बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिला. नंतर म्हणाला, "धाकट्याला बोलाव." विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. रविवारी फादर तेल घेऊन आले, तेव्हा धाकटा भाऊ खाटेच्या पायथ्याशी बसून त्याचे पाय चेपीत होता.