सीट थोडी वर घ्या, मॅडम

गोंदियात पन्नाशीकडे झुकलेली बाई सायकलवर दिसली की प्रश्न ठरलेला, "मॅडम, गाडी बिगडली का जी?" बिघडलाय तो माझा उजवा गुडघा. पण भर रस्त्यात मेनिस्कस कोण समजावून सांगणार?

मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन गाद्या असतात, तेच मेनिस्कस. त्यातली माझी एक फाटली. पहाटे मैदानावर पोलीस भरतीची तयारी चालते, मुलांची 1600 मीटरची, मुलींची 800 मीटरची. त्यांच्या मागेमागे मी कित्येक वर्षं पळत होते. डॉक्टरांनी ते बंद केलं. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो, आणि एका किलोमीटरला हजाराच्या आसपास पावलं पडतात. सायकलवर वजन सीट, हँडल आणि पायडल वाटून घेतात, पाय आपटत नाही. मात्र सूज उतरून गुडघा काटकोनाच्या बराच पुढे वाकेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर पायडलचा फेराच पुरा होत नाही.

आमच्याकडे सायकल म्हणजे शाळेच्या पोरींची. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना ती मिळते. माझ्या वर्गातल्या पोरी रोज खेड्यांतून येतात, झाडून सगळ्यांची सीट खाली, थांबलं की दोन्ही पाय टेकले पाहिजेत म्हणून. त्यांचे गुडघे कोवळे, चालून जातं. दुखऱ्या गुडघ्याला ते महागात पडतं, कारण सीट जितकी खाली तितका गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब वाढतो. घरच्या घरी तपासायचं तर भिंतीला हात टेकून सीटवर बसावं, टाच सगळ्यात खाली आणलेल्या पायडलवर ठेवावी. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर.

सीट पान्याने सरकते, धावणाऱ्याचा स्वभाव सरकत नाही. दम लागला नाही तर व्यायाम झालाच नाही, असं आम्हाला वाटतं. म्हणून जड गिअर टाकून रेटायचा मोह होतो, आणि तिथेच वाटी पुन्हा कुरकुरते. गिअर हलका ठेवून मिनिटाला 80च्या आसपास फेरे मारावेत. गोंदियाची जमीन सपाट, चढ म्हणाल तर रेल्वेचा उड्डाणपूल. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' या सायकल शर्यतीचं सुमारे 4,800 किलोमीटर अंतर एकट्याने 12 दिवसांच्या आत पार केलं. पोरं मला ते उगाच ऐकवतात. मी आपली नागऱ्याच्या शिवमंदिरापर्यंत जाते, सुटीच्या दिवशी परसवाड्याच्या तलावाकडे. रोवणी आटोपली की तिकडच्या बांध्यांमध्ये सारसाची जोडी दिसू शकते. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात आहेत. पळताना माझी नजर खड्ड्यांवरून हलत नसे.

सायकल एक गोष्ट मात्र देत नाही. हाडांना टिकायला भार लागतो आणि सीटवर बसून तो मिळत नाही. पाळी थांबायच्या वयात तर हाडं विरळ होऊ लागतात. फिजिओथेरपिस्टने त्यावर तांदळाची पिशवी छातीशी धरून खुर्चीवरून उठबस करायला सांगितली आहे. पाच किलोची पिशवी बैठकीतच असते. ती स्वयंपाकघरात परत कधी येणार, असं आमच्या घरी रोज विचारलं जातं.