सलाईनच्या थेंबावर प्रकाशाची नजर

31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी येथे 12 बालकांना पोलिओच्या लशीऐवजी सॅनिटायझर पाजले गेले आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अशी अदलाबदल शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधात झाल्यास ती अधिक घातक ठरते, कारण ते औषध थेट रक्तात मिसळते.

औषध बरोबर असले तरी त्याचा वेग चुकू शकतो. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेवर, जिचा धोका यवतमाळच्या कापूसपट्ट्याला 2017 च्या फवारणीच्या हंगामात तीव्रतेने जाणवला, अ‍ॅट्रोपिन हा उतारा शिरेतून देताना मात्रा सतत जुळवावी लागते. ती कमी पडल्यास श्वासनलिकांत स्राव साठतो, जास्त झाल्यास रुग्ण भ्रमिष्ट होतो. 20 थेंबांना 1 मिलिलिटर सोडणाऱ्या नळीतून 500 मिलिलिटर द्रव 8 तासांत द्यायचा, तर मिनिटाला सुमारे 21 थेंब पडावे लागतात, आणि गजबजलेल्या वॉर्डात परिचारिकेने ते घड्याळ लावून मोजत राहणे जवळपास अशक्य असते.

हे मोजण्याचे काम प्रकाशीय संवेदक करू शकतो. त्यात थेंबकुपीच्या एका बाजूने अवरक्त किरण सोडला जातो, पडणारा प्रत्येक थेंब तो क्षणभर अडवतो आणि समोरचा प्रकाशग्राहक हे अडथळे मोजून वेग बदलताच इशारा देतो. मात्र हा संवेदक औषध ओळखत नाही. त्यासाठी द्रव कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतो हे तपासणारी वर्णपटमापन पद्धत लागते. परंतु पोटॅशियम क्लोराईड आणि साधे सलाईन दोन्ही दृश्य प्रकाशाला सारखेच पारदर्शक असल्याने, जिथे चूक प्राणघातक ठरू शकते नेमकी तिथेच ही पद्धत अपुरी पडते.